महागाईच्या भीतीने बांधलेली घरे

यवतमाळ शहरातून लोहारा, वाघापूर, वडगाव वा उमरसरा यांपैकी कोणत्याही बाजूने बाहेर पडावे, एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. काल-परवापर्यंत जेथे कपाशी उभी होती, तेथे आता मुरमाचे रस्ते आखलेले आहेत, कोपऱ्याकोपऱ्यांवर सिमेंटचे खुंट रोवलेले आहेत आणि तोंडाशी ले-आउटच्या नावाचा रंगीत फलक उभा आहे. आत घरे मात्र तुरळक. हे भूखंड घेणारे कोणी मोठे धनिक नव्हेत. निवृत्त शिक्षक, जिल्हा परिषदेतील कर्मचारी, बाजार समितीच्या आवारातील एखादा अडत्या, पुण्यात नोकरीस असलेला मुलगा व त्याचे गावाकडे राहिलेले आई-वडील, अशीच ही मंडळी आहेत. जागा कशासाठी घेतली, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: पैसा बँकेत ठेवला तर महागाई खाऊन टाकते, जागा कोणी खात नाही, पुढेमागे चार खोल्या बांधू, भाडे येत राहील, म्हातारपणाची सोय होईल.

या उत्तरातील भीती निराधार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ज्या पिढीने १९९० च्या दशकात भविष्य निर्वाह निधीवर १२ टक्के व्याज पाहिले, तिला एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवर समाधान मानावे लागले. २०२०-२१ या वर्षी ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारित महागाई सरासरी ६.२ टक्के होती आणि मोठ्या बँकांतील एक वर्षाच्या ठेवीवर पाच-साडेपाच टक्केच पदरात पडत होते. म्हणजे ठेव ठेवणारा वर्षाअखेरीस आकड्याने श्रीमंत आणि वस्तुतः गरीब होत होता. त्यात सहकारी पतक्षेत्रातील पडझडीची भर. यवतमाळमधील एका महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये रद्द केला, तेव्हा पाच लाखांच्या विमा मर्यादेपलीकडे ठेव असणाऱ्या कुटुंबांची झोप उडाली. अशा अनुभवानंतर मध्यमवर्गीय माणूस कागदी पावतीपेक्षा विटांवर अधिक विश्वास ठेवू लागला, तर त्याला दोष देता येणार नाही.

प्रश्न निराळाच आहे. महागाईच्या भीतीने घेतलेले वा बांधलेले भाड्याचे घर महागाईपासून खरोखर संरक्षण देते काय? आणि देत असेल, तर ते यवतमाळात देते, की केवळ पुण्या-मुंबईच्या हिशेबात देते?

भाड्याच्या घराच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो तो असा: महागाई वाढली की भाडे वाढते, घराची किंमत वाढते आणि कर्ज घेतले असेल तर त्याचा हप्ता तेवढाच राहून हलका होत जातो. हा युक्तिवाद पूर्णतः खोटा नाही. किंबहुना मागच्या पिढीने तो स्वतःच्या संसारात सिद्ध होताना पाहिला आहे. २००९ ते २०१३ या काळात महागाई नऊ-दहा टक्क्यांच्या घरात होती, गृहकर्जाचा दरही त्याच सुमारास होता; म्हणजे खऱ्या अर्थाने कर्ज जवळजवळ फुकट पडत होते. त्याच सुमारास सहावा वेतन आयोग लागू झाला आणि वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढत होता. पगारातून जाणारा हप्ता पहिल्या वर्षी छातीवर धोंड्यासारखा वाटे, सहाव्या वर्षी तो जाणवेनासा झाला. या अनुभवातून एक समजूत रुजली की, कर्ज काढून बांधलेले घर कधीच तोट्यात जात नाही. परंतु हा चमत्कार विटांनी केला नव्हता, तो महागाई भत्त्याने केला होता. ज्याच्या मिळकतीला भत्ता चिकटलेला नाही, त्याच्या बाबतीत हे गणित चालत नाही, आणि घरमालकाला हे स्वतःइतकेच आपल्या भाडेकरूबद्दलही विचारात घ्यावे लागते.

याचे कारण साधे आहे. भाडे वाढते ते भाडेकरूच्या मिळकतीवर. महागाईच्या निर्देशांकावर नव्हे. वृत्तपत्रांत महागाईचा जो आकडा येतो त्यात अन्नपदार्थांचा भार सर्वांत मोठा. २०१२ हे आधारवर्ष असलेल्या मालिकेत तो सुमारे ४६ टक्के होता, घरभाड्याचा समावेश असलेल्या गृहनिर्माण गटाचा भार जेमतेम १० टक्के, आणि तोही शहरी भागापुरता. ग्रामीण भागासाठी त्या मालिकेत घरभाडे धरलेच जात नव्हते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने उचल खाल्ली आणि महागाई ७.४४ टक्क्यांवर पोहोचली. गृहनिर्माण गटातील वाढ तेव्हाही साडेचार टक्क्यांच्या आसपासच होती. टोमॅटो महागले म्हणून कोणी घरमालक भाडे वाढवू शकत नाही. उलट किराणा महागला की भाडेकरूच्या हातात भाड्यासाठी कमी उरते, आणि वाढीव भाडे मागणाऱ्या मालकाला तो 'पुढच्या महिन्यात पाहू' असे सांगतो. अन्नाची महागाई अल्पकाळात घरभाड्याची वैरीण ठरते, हे ध्यानात येत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात तर हा फरक तालुक्यागणिक उघडा दिसतो. वणीकडे पाहावे. तेथे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत. कोळसा कामगाराचे वेतन राष्ट्रीय वेतन करारानुसार ठरते आणि त्यात किंमत निर्देशांकाशी जोडलेला भत्ता असतो. मे २०२३ मध्ये झालेल्या अकराव्या करारात १९ टक्क्यांचा किमान लाभ मान्य झाला व तो १ जुलै २०२१ पासून लागू धरला गेला. शेजारच्या झरी-जामणी तालुक्यात मुकुटबनचा सिमेंट प्रकल्प उभा राहिला आणि बाहेरगावचे अभियंते, तंत्रज्ञ, वाहनचालक आले. या टापूतील भाडेकरूची मिळकत महागाईबरोबर काही प्रमाणात तरी चालते. मात्र तेथेही कायम कामगार व कंत्राटी कामगार यांच्या वेतनात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि खाण ही संपणारी वस्तू आहे, याचा विसर पडू देता कामा नये.

आता राळेगाव, पांढरकवडा, दारव्हा, घाटंजी येथील बाजारपेठा पाहाव्यात. तेथे गाळे बांधून भाड्याने देण्याची प्रथा मोठी. गाळ्यातील दुकानदाराची विक्री कापूस आणि सोयाबीनवर अवलंबून असते, आणि या दोन पिकांना महागाई भत्ता नसतो. २०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलमागे दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. दोन वर्षांनी तो सात हजारांच्या आसपास रेंगाळत होता. सोयाबीनने ऑगस्ट २०२१ मध्ये दहा हजारांच्या आसपास भाव पाहिला आणि २०२४ च्या अखेरीस ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्याही खाली विकण्याची वेळ शेतकऱ्यावर आली. याच काळात देशातील महागाई २०२२-२३ मध्ये ६.७, २०२३-२४ मध्ये ५.४ आणि २०२४-२५ मध्ये ४.६ टक्क्यांनी वाढतच होती. खत, मजुरी, डिझेल, औषध, शाळेची फी सारे चढत असताना पिकाचा भाव उतरत असेल, तर कापडाच्या वा भांड्यांच्या दुकानदाराने दरसाल दहा टक्के भाडेवाढ कोठून द्यावी? करारात ते कलम असते, व्यवहारात ते माफ होते. हे माफ करणे हा मालकाचा चांगुलपणा खरा, पण तो नाइलाजही असतो. गाळा सहा महिने बंद राहण्यापेक्षा जुन्या भाड्यावर चालू राहिलेला बरा.

यवतमाळ शहराचे चित्र या दोहोंच्या मधले आहे. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, अभियांत्रिकी महाविद्यालये, जिल्हा कार्यालये, शिकवणी वर्ग यांमुळे खोल्यांना मागणी राहते. परिचारिका, निवासी डॉक्टर, बदलीवर आलेले कर्मचारी हे नियमित भाडे देणारे भाडेकरू. विद्यार्थ्यांचे तसे नाही. विद्यार्थ्याचे भाडे त्याचा बाप देतो, आणि तो बाप बहुधा आर्णी वा महागाव तालुक्यातील कपाशीवालाच असतो. मार्च २०२० नंतर महाविद्यालये बंद झाली, तेव्हा खोल्या रिकाम्या राहणे म्हणजे काय, हे अनेक घरमालकांनी अनुभवले आहे.

महागाई आणि भाडे यांची फारकत कायद्यानेही पूर्वी केली होती, आणि वऱ्हाडाचा इतिहास या बाबतीत मुंबईहून वेगळा आहे. मुंबईत १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा होता, तर विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. त्यानुसार भाडेकरूस नोटीस देण्यापूर्वी भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. टंचाईच्या काळात गरजूंना आधार देणारी ही व्यवस्था पुढे इतकी लांबली की, जुन्या वाड्यांच्या भाड्यातून कौले शाकारण्याचाही खर्च निघेना. अखेर १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबई कायद्याच्या संदर्भात, गोठवलेले प्रमाण भाडे काळाच्या ओघात अवाजवी व मनमानी ठरले आहे, असा निर्वाळा दिला. त्यामागचे मुख्य कारण रुपयाचे घटलेले मोल हेच होते. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला, तिन्ही विभागांचे जुने कायदे एकत्र आले आणि संरक्षित भाडेकरूच्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मिळाली.

ही ४ टक्के वाढ पुरेशी होती काय? आयकर खाते दरवर्षी जो खर्च महागाई निर्देशांक जाहीर करते तो २००१-०२ मध्ये १०० धरलेला असून २०२५-२६ साठी ३७६ आहे. २००१-०२ मधील हजार रुपये भाडे दरसाल चार टक्के, अगदी चक्रवाढीने धरले, तरी २०२५-२६ मध्ये २,५६३ रुपये होते. निर्देशांकाप्रमाणे ते ३,७६० व्हायला हवे होते. आणि हा निर्देशांक प्रत्यक्ष महागाईच्या तीन-चतुर्थांश वाढच मोजतो, हे वेगळेच. नवे करार अर्थातच बहुतेक 'लिव्ह अँड लायसन्स' पद्धतीचे, अकरा महिन्यांचे असतात व त्यांत वाढ परस्पर संमतीने ठरते. असा करार लेखी व नोंदणीकृत असणे कायद्याने बंधनकारक आहे. तरीही लहान शहरांत शंभराच्या वा पाचशेच्या मुद्रांकावर काम भागवण्याची सवय सुटलेली नाही, आणि तंटा उभा राहिला की त्याची किंमत मालकालाच मोजावी लागते.

एवढी पार्श्वभूमी लक्षात घेऊन एका सामान्य कुटुंबाचा हिशेब मांडून पाहावा. समजा, जागा व बांधकाम मिळून ४० लाखांचे घर आहे आणि त्याला महिना १०,००० रुपये भाडे येते. वर्षाचे १ लाख २० हजार, म्हणजे तीन टक्के. त्यातून घरटॅक्स, रंगरंगोटी, मोटार-नळाची दुरुस्ती आणि दोन भाडेकरूंमधला रिकामा महिना-दीड महिना वजा केला, तर हाती ९० हजार राहतात, सव्वादोन टक्के. निवृत्त माणसाला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३-२४ मध्ये ८.२ टक्के मिळत होते. हे मधले सहा टक्क्यांचे अंतर घराच्या किंमतवाढीने भरून निघाले पाहिजे, तरच घर फायद्याचे. पण किंमतवाढ खर्चता येत नाही. औषधाच्या दुकानात वाढलेल्या भूखंडाचा तुकडा देता येत नाही, तेथे रोख लागते. ज्याच्यापाशी अन्य निवृत्तिवेतन आहे त्याला ही वाट परवडेल. ज्याची सारी पुंजी या एका घरात जाणार आहे, त्याने महागाईला तोंड देण्यासाठी रोख मिळकत कमी करून घेतली, असेच म्हणावे लागेल.

कर्ज काढून हा व्यवहार करणाऱ्याची स्थिती अधिक बिकट. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य मानदंडाशी, बहुतांशी रेपो दराशी, जोडली गेली आहेत. महागाई वाढली की रिझर्व्ह बँक रेपो दर वाढवते आणि तो थेट कर्जदाराच्या दारात येतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो दर ४ वरून ६.५ टक्के झाला. २० लाखांचे १५ वर्षांचे कर्ज पावणेसात टक्क्यांनी घेतलेल्या माणसाचा हप्ता सुमारे १७,७०० रुपये. तेच कर्ज सव्वानऊ टक्क्यांवर गेले की २०,६०० च्या जवळ. महिन्याला जवळपास २,९०० रुपयांचा फरक. त्याच वर्षात त्याच्या भाडेकरूने फार तर पाचशे-हजार वाढवून दिले असतील. महागाईने कर्ज विरघळते, ही जुनी समजूत येथे उलटी होते: भाडे मुंगीच्या पावलांनी चढते आणि व्याज घोड्याच्या. पुढे २०२५ मध्ये रेपो दर टप्प्याटप्प्याने खाली आला, हे खरे; पण मधल्या दोन वर्षांत ज्यांनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम हप्त्यात घातली, त्यांना ती परत मिळालेली नाही.

करव्यवस्थेतील एक बदलही या संदर्भात महत्त्वाचा आहे. भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, ही सोय चांगली. परंतु २३ जुलै २०२४ पासून स्थावर मालमत्तेच्या विक्रीवरील दीर्घकालीन नफ्यावर निर्देशांकाचा लाभ न देता १२.५ टक्के कर आकारण्याची पद्धत आली. त्या तारखेपूर्वी खरेदी केलेल्या जागांसाठी व्यक्तींना व अविभक्त हिंदू कुटुंबांना निर्देशांकासह २० टक्के कराचा पर्याय राखण्यात आला. त्यानंतरच्या खरेदीला नाही. महानगरात जेथे किमती झपाट्याने चढतात, तेथे कमी दराचा लाभच होतो. यवतमाळ, पुसद, दिग्रस यांसारख्या ठिकाणी जेथे किंमत महागाईच्याच गतीने सरकते, तेथे मात्र हा बदल बोचतो. ४० लाखांचे घर दहा वर्षे दरसाल पाच टक्क्यांनी वाढले तर सुमारे ६५ लाखांना विकले जाईल. सर्वसाधारण महागाईही पाचच टक्के असेल, तर विकणाऱ्याला प्रत्यक्षात एक रुपयाचाही नफा झालेला नाही. तरीही २५ लाखांच्या कागदी नफ्यावर त्याला तीन लाखांहून अधिक कर भरावा लागेल. महागाईपासून पळणाऱ्या माणसाला शेवटी महागाईवरच कर द्यावा लागतो, याकडे लोकप्रतिनिधींचे लक्ष वेधले गेले पाहिजे.

आणि ज्या भूखंडावर घरच उभे नाही, त्याचे काय? तो भाडे देत नाही, धान्य देत नाही. केवळ आशा देतो. रेल्वे येणार, महामार्ग येणार, या वाक्यांवर यवतमाळच्या आसपास भूखंडांचे भाव अनेकदा चढले. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गातील वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला, ही आनंदाचीच घटना. पण रेल्वेने भाडेकरू येतो तो रोजगार आल्यावर. स्थानकाचा फलक लागल्याने नव्हे. शिवाय घेतलेली जागा अकृषक आहे काय, नकाशा मंजूर आहे काय, महारेराची नोंदणी लागू असताना ती केली आहे काय, हे न पाहता इसारा देणारे आजही कमी नाहीत. पाण्याचे तर विचारूच नये. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली आणि यवतमाळकरांना टँकरची वाट पाहत रात्री जागवाव्या लागल्या. नळाची जोडणी नसलेल्या ले-आउटमधील घराला भाडेकरू मिळतो तो बोअरच्या भरवशावर, आणि एप्रिलमध्ये बोअर आटली की तो बिऱ्हाड उचलतो.

याचा अर्थ भाड्याने देण्यासाठी बांधूच नये, असा नाही. आपल्याकडे भाड्याचे घर हे मुळात गुंतवणूक म्हणून जन्माला आलेले नाही. मुलांसाठी वरचा मजला चढवावा, मुले पुण्याला वा बंगळूरला जावीत आणि त्या मजल्यावर एखादी परिचारिका, एखादे शिक्षक दांपत्य राहावयास यावे, अशी ही कहाणी आहे. जागेचे पैसे वेगळे मोजावे न लागल्याने तेथे भाड्याचे प्रमाण चांगले पडते, आणि रात्री-अपरात्री वृद्धांना हाक मारायला माणूस असतो, ही जमेची बाजू कोणत्याही पासबुकात उमटत नाही. मारेगाव, झरी, घाटंजी येथून शिकायला येणाऱ्या मुलींना सुरक्षित खोली हवी असते. ती कुटुंब राहते त्या घरात मिळाली, तर बाप निर्धास्त होतो आणि भाडे देण्यात कुचराई करीत नाही. सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने असे बांधकाम थोडे सुकर झाले आहे. कर्ज न काढता वा थोडक्या कर्जात, राहत्या घरावर दोन खोल्या चढवणे आणि गावाबाहेरच्या ले-आउटमध्ये आयुष्याची पुंजी पुरणे, यांत महागाईच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

देशपातळीवरही हीच विसंगती दिसते. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार शहरी भागात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण १९६१ मधील ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले, आणि त्याच जनगणनेत शहरांतील एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली. एकीकडे कुलुपे, दुसरीकडे खोली शोधणारे. हे अंतर मिटवण्यासाठी केंद्राने जून २०२१ मध्ये आदर्श भाडे कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. त्यात निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली असून तंट्यांसाठी स्वतंत्र यंत्रणा सुचवली आहे.

त्याआधीही शासनाला करता येण्याजोगे एक काम आहे. जमिनीच्या व घरांच्या किमतीचे वार्षिक मूल्यदर तक्ते नोंदणी व मुद्रांक विभाग प्रसिद्ध करतो. त्यामुळे यवतमाळात भूखंड घेणाऱ्याला सरकारी भाव तरी ठाऊक असतो. भाड्याचा तसा तक्ता नाही. वस्तुतः नोंदणीकृत भाडेकरारांचा सारा तपशील त्याच विभागाच्या दप्तरी जमा होत असतो. नावे वगळून, प्रभागनिहाय आणि तालुकानिहाय, दोन खोल्यांचे व गाळ्याचे सरासरी भाडे किती आणि ते गेल्या पाच वर्षांत किती वाढले, एवढे दोन आकडे मूल्यदर तक्त्याच्या शेजारी छापले गेले, तर वाघापूरच्या फलकाखाली उभे राहून इसारा देणाऱ्या निवृत्त शिक्षकाला आपली पुंजी किती टक्क्यांवर जात आहे, हे सही करण्यापूर्वीच कळेल.